गाळलेलं कडवं

६ मार्च २०१६, मुखेड

आज लोह्याच्या स्टँडवर मला कळलं की मी मेले आहे.

नांदेड-मुखेड गाडी होती. लोह्याला एक पंचविशीतली पोरगी चढली. खांद्याला झोळी, हातात मोबाइल. मागच्या बाकावर बसून ती शेजारच्या बाईला गाणं ऐकवायला लागली. मी तिकिटाचं मशीन घेऊन तिच्यापाशी पोचले, तर मोबाइलमधून माझाच आवाज येत होता. कॉलेजातला, जरा चिरका, मागं मन्मथची गिटार करवतीसारखी.

हात केला तर थांब की रे,
आमचं गाव तुझ्या पाटीत न्हाई.
पाटीत न्हाई, नकाशात न्हाई,
म्हणून का आम्ही गावच न्हाई?

"कुणाचं गाणं हाय हे?" मी विचारलं.

"'विनंती थांबा' म्हणून बँड होता ना ताई, आपल्या नांदेडचा. मी त्याच्यावरच पीएच.डी. करून राहिले. गाणारी बाई वारली म्हणतात. अॅक्सिडेंट झाला म्हणं."

"न्हाई वारली," मी म्हणलं. "कंडक्टर झाली. तिकीट कुठलं देऊ?"

ती माझ्या खाकी शर्टावरच्या नावाच्या पट्टीकडं बघत राहिली. तिला कंधारला उतरायचं होतं. मुखेडपर्यंत आली.

डायरी लिहायची मला सवय नाही. पण जिच्या मरणाची खबर उठली, त्या बाईनं आपण जिवंत असल्याचं कुठंतरी लिहून ठेवावं. म्हणून आजपासून सुरू.

१३ मार्च

ती पोरगी, तारामती, आज माझ्या खोलीवर आली. चहा झाला. तिनं रेकॉर्डिंग चालू केलं आणि सगळं पहिल्यापासून सांगा म्हणाली.

सांगण्यासारखं काय आहे? २००३ साली नांदेडला आम्ही तिघं शिकत होतो. मी बी.ए.ला, मन्मथ पॉलिटेक्निकला, गुंडप्पा नापास होऊन हॉस्टेलच्या मेसमध्ये. मन्मथकडं जुनी इलेक्ट्रिक गिटार होती. गुंडप्पा देगलूरकडचा, हलगी वाजवणारा. त्यानं कुठल्या तरी ऑर्केस्ट्राचे मोडके ड्रम मिळवले. गाणी मी लिहायची, मीच गायची. नाव एसटीच्या रस्त्यावरच्या पाटीवरून घेतलं, जिथं हात केला तरच गाडी थांबते. बँड म्हणलं की लोक विचारायचे, लग्नात वरातीला येता का. रॉक कुणाला माहीत? आम्हाला तरी कुठं माहीत होतं नीट. कुठल्या कंपनीनं विचारलं नाही, आम्हीही कुणाला विचारलं नाही. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका माणसाच्या खोलीत सीडी काढली. ती खपली नाही.

शेवटचा कार्यक्रम मुखेडला, गणपतीत, २००६ साली. 'हात केला'चं शेवटचं कडवं लागलं आणि स्टेजची लाइट गेली. अंधारात कुणीतरी ड्रम फोडले. गुंडप्पाच्या कपाळाला चार टाके पडले. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. मला एसटीत नोकरी लागली. संपलं.

"संपलं न्हाई ना ताई," तारामती म्हणाली. मग तिनं झोळीतून पुस्तकं काढली. कवितांची, पातळ-पातळ. इस्लापूरकडच्या एका पोराच्या संग्रहाची सुरुवातच माझ्या ओळीनं. एका मुलीनं लिहिलंय की 'न्हाई' हा शब्द पुस्तकात लिहिता येतो हे मला या गाण्यांनी शिकवलं. अहमदपूरच्या एका पथनाट्यात शेवटी सगळे नट नुसता हात वर करून उभे राहतात, बस थांबवल्यासारखा. ऊसतोडीच्या ट्रॉल्यांच्या मागं लिहिलेलं असतं, 'हात केला तर थांब की रे'.

मी म्हणलं, ट्रॉल्यांच्या मागं काय वाट्टेल ते लिहितात.

ही गाणी पसरली कशी, हे तिच्या प्रबंधाला सापडत नाही. तिच्या घरी काकाच्या मोबाइलच्या मेमरी कार्डात होती. काका लातूरच्या दुकानातून कार्ड भरून आणायचा. बाकीच्यांचंही तसंच, कार्डात सापडली. मला तरी काय माहीत? आमची सीडी आमच्या आईनं पण ऐकलेली नाही.

ती गेल्यावर मी ती पातळ पुस्तकं चाळत बसले. कौतुक वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. राग आला. एवढ्या वर्षांत कुणी एक पत्र का नाही पाठवलं?

२२ मार्च, लातूर

मुक्कामी ड्युटी. लातूर बघवत नाही. नळाला पाणी नाही, पाण्याच्या टाक्यांपाशी पोलीस, जमावबंदी. माणसं सायकलला घागरी लटकवून फिरतात.

संध्याकाळी गंजगोलाईकडं मन्मथच्या मोबाइलच्या दुकानात गेले. तो तसाच आहे, केस तेवढे मागं हटलेत. लग्न केलं नाही अजून. मला बघून हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला त्याच्या. तारामतीचं सगळं सांगितलं. तो हसला नुसता.

"गाणी पसरली कशी म्हणं?" मी विचारलं.

"मला काय मालूम," तो म्हणाला आणि एक मोबाइल उघडून बसला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, उजनीकडचा शेतकरी. कार्ड पुढं केलं. "भजनं भरा, कव्वाल्या भरा. अन् शेवटी ते तुमचं नेहमीचं, ते असू द्या." मन्मथनं माझ्याकडं न बघता कार्ड घेतलं. नेहमीचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. धंद्याचं काहीतरी असेल.

गुंडप्पाही भेटला. तो टँकर चालवतो आता. "अक्का," म्हणाला, "ड्रमवर मारायचो, आता लोक टँकरवर मारतात. ठेका तोच हाय."

३ एप्रिल, बोरतळी

सुट्टी होती म्हणून आईकडं आले. आई, धुरपताबाई, साठीची. मुखेडला ये म्हणलं तर येत नाही. बौद्धवाड्यात आपलं घर आहे म्हणते.

वाड्याचा बोअर आटला. आता सगळा भार एका विहिरीवर. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर गावानं खणलेली विहीर. आई तेव्हा सोळा वर्षांची, तिनं तिथं दगड वाहिलेत. जमीन गावातले मोठे जमीनदार व्यंकटराव, त्यांची म्हणून विहिरीवर नाव त्यांचं लागलं. यंदा सरकारनं ती ताब्यात घेतली, तशी पाटी पण लावली आहे. पण झाकणाला कुलूप, आणि किल्ली व्यंकटरावांच्या गड्याकडं. सकाळी थोडा वेळ उघडतो. आधी गाव भरतं, मग आमचा वाडा. आमची पाळी आली की वेळ संपते. पाणी मग व्यंकटरावांच्या मोसंबीला जातं. २००४ साली पण असंच होतं. कडवं त्यावरच लिहिलं होतं.

आज पहाटे आईबरोबर घागर घेऊन रांगेत बसले. बायका गुणगुणत होत्या. कान देऊन ऐकलं तर 'हात केला'. गिटार नाही, ड्रम नाही, जात्यावर म्हणतात तशी चाल लावलेली. लक्ष्मीबाई म्हातारी सगळ्यांच्या पुढं.

"हे गाणं कुठून आलं, मावशे?" मी विचारलं.

"कुठून यायलंय. आमच्या सासूच्या आधीपासूनचं हाय."

"मी लिवलंय ते."

लक्ष्मीबाई माझ्याकडं बघून हसली. "तू लिवलंस. बरं. चंद्र बी तूच टांगलास का?"

सगळ्या हसल्या. मग व्यंकटरावांचा गडी किल्ली घेऊन आला तशी गाणं मधेच थांबलं. शेवटचं कडवं म्हणायच्या आधीच. ते त्यांना येत नसणार. येणार कसं? ते कधी कुणी पूर्ण ऐकूच दिलं नाही.

आईला घरी आल्यावर विचारलं, तू म्हणतेस का हे गाणं. ती म्हणाली, "मला कशाला येतंय. तू बी म्हणू नगंस. सरकारी नोकरी हाय तुझी."

१० एप्रिल

व्यंकटराव आज स्टँडवर आले. पांढरे कपडे, कडक इस्त्री, मागं दोघं. उदगीर जिल्हा झाला पाहिजे, मुखेड त्यात आलं पाहिजे, या मागणीसाठी त्यांनी कृती समिती काढली आहे. गाडी लागायला वेळ होता, कँटीनच्या बाकावर बसले आणि मलाही बस म्हणाले.

"पंचशीला, तुझं गाणं आम्ही आंदोलनाचं गाणं करायलाव. नकाशात न्हाई, पाटीत न्हाई. अरे, आपलंच दुखणं हाय की हे. तालुक्या-तालुक्यात वाजंल. रस्ता रोकोच्या दिवशी तुझा सत्कार. साडी, शाल, मोठा कार्यक्रम."

खरं सांगायचं तर आतून बरं वाटलं. या माणसानं माझं गाणं म्हणलं, स्वतःच्या तोंडानं.

"फक्त ते शेवटचं कडवं तेवढं गाळू. जुनं झालं ते. कशाला उगी गावागावांत तेढ."

"जुनं कसं झालं? कुलूप मागच्याच आठवड्यात बघून आले."

त्यांचा आवाज बदलला नाही. "हे बघ. गाण्यावर तुझं नाव कुठं हाय? लोकांचं झालंय ते. मी विचारायला आलो हा माझा मोठेपणा समज."

"मग मोठेपणानं ऐका," मी म्हणलं. "गाणं सगळं गायचं, न्हाई तर गायचं न्हाई."

आई त्यांना मालक म्हणते. मी अहो म्हणते, मालक म्हणत नाही. ते उठले, धोतर झटकलं. "मी तुझ्या साहेबाला ओळखतो," एवढंच म्हणाले.

१४ एप्रिल

जयंती. स्टँडवर निळे झेंडे, सगळीकडं जय भीम. लातूरला पाण्याची रेल्वे आली त्याच्याच गप्पा.

मिरवणुकीत पोरांनी गा म्हणून आग्रह केला. नाही गायले. दहा वर्षं गायले नाही. आता गाणं बाहेर येईल का, हेच माहीत नाही. हे कुणाला सांगितलं नाही.

२१ एप्रिल

केलंच त्यांनी. समितीनं गाणं रेकॉर्ड करून आणलं. कुणी ऑर्केस्ट्रातली बाई गायलीये, गोड, मागं बासरी. माझं 'न्हाई' तिनं 'नाही' करून टाकलंय. 'थांब की रे' म्हणताना लाडात येते. शेवटचं कडवं नाही. त्या जागी 'जय महाराष्ट्र, जय मराठवाडा'. जीपवर भोंगा लावून फिरवतात. माझ्याच गाडीच्या पुढं जात होती आज.

मन्मथचा फोन आला. म्हणाला, ऐकलं. म्हणाला, परत गाऊ आपण. मी म्हणलं, कुठं, तुझ्या दुकानात? तो म्हणाला, हाव, दुकानात. मी फोन ठेवला.

२६ एप्रिल, लातूर

मन्मथच्या दुकानावर पाटी लागली आहे, 'मेमरी कार्ड मोफत भरून मिळेल'. रस्त्यापर्यंत रांग. मुखेडची, जळकोटची, कुठली-कुठली पोरं. मोफत कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, जाहिरात. अशानं धंदा बुडेल त्याचा. शिकलेला माणूस, पण व्यवहार कधी कळलाच नाही.

मागच्या खोलीत त्यानं गिटार काढली. गुंडप्पानं टँकरवरून उतरून प्लॅस्टिकच्या ड्रमवर ठेका धरला. मी पहिली ओळ म्हणली आणि आवाज फाटला. दुसऱ्यांदा पण फाटला.

"राहू दे," मी म्हणलं.

"फाटका चांगला वाटतोय," मन्मथ म्हणाला. "तेव्हा तू नुसती चिडलेली होतीस. आता खरं बोलून राहिलीस असं वाटतंय."

तो असं काहीही बोलतो. पण तिसऱ्यांदा गायले.

३० एप्रिल

एक गोष्ट इथं लिहून ठेवते, नाहीतर मी समितीच्या विरोधात आहे असं माझं मलाच वाटायला लागेल. नवा जिल्हा मलाही हवा आहे. आईला एका सही-शिक्क्यासाठी नांदेडला जायचं तर अख्खा दिवस जातो. रस्ता रोकोची मागणी खोटी नाही. खोटं तेवढंच आहे जे गाळलंय.

तारामती म्हणाली, "ताई, प्रबंधात मी कडव्याचा उल्लेख करते, पण लोक ते म्हणतात याचा पुरावा कुठंच न्हाई. लोकांना ते माहीतच नसंल, असं गाईड म्हणतात." मी म्हणलं, बरोबर म्हणतात.

डेपो मॅनेजरनी आज बोलावून समजावलं. भला माणूस आहे. "मॅडम, आंदोलनात आपल्या लोकांनी जायचं नसतं. नियम तुम्हाला माहीत हाय. मला वर उत्तर द्यावं लागतं." मी हो म्हणलं. खरंच मनात काही नव्हतं तेव्हा.

३ मे

उशीर झालाय पण आजच लिहिणार.

मुखेड-लातूर गाडी. ड्रायव्हर शेषेराव, रिटायरमेंटला आलेला, कधी कुणाशी वाकडं नाही. जळकोटकडं जाणाऱ्या फाट्यावर गाड्यांची रांग लागलेली. रस्ता रोको. मधे ट्रॉलीचं स्टेज, भोंगे, आणि भोंग्यावर ती बासरीवाली बाई माझं गाणं म्हणत होती.

मी दारात उभी राहिले. माझ्याच गाण्यानं माझीच गाडी अडवली होती.

टेम्पोतून बायका आणलेल्या. उन्हात डांबरावर बसलेल्या, डोक्यावर पदर. त्यात बोरतळीच्या दिसल्या. लक्ष्मीबाई, आणि तिच्या शेजारी आई. टँकर देतो म्हणून आणलं होतं सगळ्यांना, हे मागनं कळलं.

आईला त्या उन्हात बसलेली बघितली आणि मी खाली उतरले.

"मॅडम," शेषेराव खिडकीतून म्हणाला, "ड्युटीवर हाव आपण."

"मालूम हाय, काका."

मी पैशाची पिशवी आणि मशीन त्याच्या हातात दिलं आणि चालत गेले. खाकी कपड्यात मला बघून लोक बाजूला झाले. व्यंकटरावांनी ट्रॉलीवरून मला बघितलं. त्यांना वाटलं मी आले, त्यांच्याकडं आले. भोंग्यातलं गाणं त्यांनी थांबवायला लावलं, माइक घेतला आणि म्हणाले, "आली बघा आपली लेक. जिनं हे गाणं लिहिलं ती. आपल्या बोरतळीची."

माझ्या नावानं टाळ्या पडल्या. मी ट्रॉलीवर चढले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माइक मला दिला.

मी पहिल्यापासून गायले. फाटक्या आवाजात, माझ्या 'न्हाई'नं. पाटीत न्हाई, नकाशात न्हाई. व्यंकटराव मान डोलवत होते. मग मी न थांबता पुढचं म्हणलं:

विहीर गावची, कुलूप कुणाचं?
पाणी भुईचं, नाव कुणाचं?

भोंगे बंद झाले. माइक मेला. अगदी २००६ सारखं. फरक एवढाच की तेव्हा अंधार होता, आता भर दुपार. मला वाटलं, झालं. परत तिथंच. नुसत्या आवाजात किती लोकांपर्यंत पोचणार मी? पुढची ओळ तोंडात आली, पण बाहेर पडली नाही.

आणि मग खालून आवाज आला. एकच, बारीक.

किल्ली तुझ्या कमरेला हाय,
तहान आमच्या उंबऱ्याला हाय.

आई होती. बसल्या जागी, डोळे जमिनीकडं लावून म्हणत होती. मग लक्ष्मीबाई. मग बोरतळीच्या सगळ्या. त्यांना येत होतं. शब्दाला शब्द येत होतं. मग रस्त्याच्या कडेची पोरं, ट्रकवाले, माझ्या गाडीतले प्रवासी खिडक्यांतून. समितीचा बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक ट्रॉलीच्या खालीच उभा होता, तोही गात होता. व्यंकटरावांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं बघितलं की ते बघतायत. थांबला नाही.

हात जोडून लई झालं रे,
आता हात करून थांबवू तुला.

शेवटच्या ओळीला सगळ्यांनी हात वर केले. मी नव्हते सांगितलं. कुणीच नव्हतं सांगितलं.

मी खाली उतरायला लागले. व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले, "मी जिल्ह्यासाठी मरून राहिलो, अन् तू एका कुलपासाठी सगळं मातीत घातलंस."

मी म्हणलं, "जिल्हा होऊ द्या. कलेक्टर जवळ आला की पहिलं तुमच्या कुलपाचंच सांगायला जाते."

आईपाशी गेले. "मला येत न्हाई म्हणली होतीस."

"घरात येत न्हाई," आई म्हणाली. "घरात भिंतीला कान असत्यात."

गाडीत परत आले तर शेषेरावनं मशीन आणि पिशवी माझ्या सीटवर नीट ठेवलेली. लातूरपर्यंत त्यानं गाडी हाणली. उतरताना म्हणाला, "माझ्या नातवाच्या कार्डात हाय हे. सबंध."

५ मे

व्हिडिओ सगळीकडं फिरला. निलंबन. कर्तव्यावर असताना गाडी सोडली, आंदोलनाच्या मंचावरून गाणं म्हणलं. दोन्ही खरं आहे. मॅनेजरनी ऑर्डर देताना मान वर केली नाही. मी त्यांना म्हणलं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

रडले थोडं. भीती वाटते. खोलीचं भाडं, आईचं औषध, सगळं याच्यावरच होतं.

९ मे, बोरतळी

सकाळी बायका विहिरीवर गेल्या. घागरी घेऊन, पण रांग लावली नाही. कुलपाभोवती गोल करून बसल्या. गडी आला, बघून परत गेला. व्यंकटराव आले नाहीत. व्हिडिओ बघून तहसीलदार आले. तरुण बाई, जीपमधून उतरून सरळ पाटीपाशी. पाटी वाचली, कुलूप बघितलं.

"ही विहीर कुणाची?" त्यांनी विचारलं.

गावातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आई उठली.

"मॅडम, कागद कुणाचा ते तुम्ही बघा. खणली मी हाय."

कुलूप काढलं गेलं. तलाठ्याला तिथंच उभं केलं, पाणी सगळ्यांनी सारखं भरायचं असं सांगून. आज आमच्या वाड्यानं गावाच्या बरोबर भरलं. मोसंबीच्या बागेची मोटार बंद आहे. किती दिवस, ते बघू. लक्ष्मीबाई पोहरा ओढता-ओढता मला म्हणाली, "ते तू लिवलेलं म्हणत होतीस ना, ते असू दे तुझं. पण चाल आमची हाय."

मी म्हणलं, चाल तुमची.

२८ मे, नांदेड

चौकशी झाली. अधिकारी म्हणाले, "लेखी माफी दिली तर लवकर मिटेल. भावनेच्या भरात गायलं असं लिहा."

"भावनेच्या भरात न्हाई, सर. विचार करून गायले."

"तुमच्या भल्यासाठी सांगून राहिलो."

"तसंच लिहा, सर. गाडी सोडली ही चूक माझी, तिची शिक्षा द्या. गाण्याची माफी न्हाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं, मग उचललं आणि तसंच लिहिलं.

तारामती बाहेर थांबली होती. गाईडनी आता व्हिडिओ हाच पुरावा धरायला परवानगी दिली म्हणे. तिला लई आनंद. पण गाणी पसरली कशी, ते प्रकरण अजून कोरंच आहे तिचं. मी म्हणलं, सोड ते, काही गोष्टी आपोआप होतात.

१२ जून

निकाल लागला. एक वेतनवाढ बंद, बदली किनवट डेपोला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जंगलाच्या कडेला. व्यंकटरावांची समिती चालूच आहे, त्यांच्या जीपवर आता गाणं नाही, नुसत्या घोषणा. नवा जिल्हा काही झाला नाही. होईल तेव्हा होईल.

२६ जून, किनवट

पहिला आठवडा संपला. इस्लापूरची फेरी मिळाली आहे. रस्ता चांगला, माणसं कमी बोलतात. तिसऱ्या दिवशी एक शाळामास्तर तिकीट घेता-घेता म्हणाले, आमच्याकडं गाण्याचा कार्यक्रम करता का, पोरं सगळी गाणी पाठ म्हणतात. मी म्हणलं, साप्ताहिक सुट्टीला करू. ड्युटीवर आता नाही.

मन्मथला कळवलं. तो लगेच हाव म्हणाला. सरावासाठी दर रविवारी दुकान बंद ठेवून लातूरहून यायचं म्हणतो, गिटार, अॅम्प सगळं एसटीच्या टपावर टाकून. एवढ्या लांब कशासाठी तडफडतोय, मला कळत नाही. मी म्हणलं, महिन्यातून एकदा पुरे. तो म्हणाला, न्हाई, दर रविवारी. हट्टी आहे, पहिल्यापासून.

नवीन गाणं लिहिलंय. बदलीवर. बऱ्यापैकी झालंय.

गुंडप्पाचा आताच फोन येऊन गेला. ड्रम दुरुस्त करून घेतलेत. विचारत होता, "अक्का, पोलिसांची परवानगी, पंचायतीची परवानगी, कोण काढायलंय? परत लाइट गेली तर?"

मी म्हणलं, "परवानगी मास्तर काढायलेत. अन् लाइट गेली तर लोकांना म्हणायला सांगू."

"अन् लोक न्हाई म्हणले तर?"

"तू ये तर खरं."